बचाव पथकात जायचंय? आधी हे गैरसमज सोडा

दिंद्रुड हे तेलगाव-सिरसाळा-परळी रस्त्यावरचं गाव. गाळप हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. शेतोशेती खोल विहिरी आहेत. बीड जिल्ह्यातल्या याच माजलगाव तालुक्यात सिंदफणा नदीवरचं मोठं धरण आहे आणि पुढे मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. त्यामुळे अपघात, बुडणं आणि पूर या तिन्ही संकटांशी इथल्या माणसाची ओळख आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर मराठवाडाभर नद्यांनी गावं वेढली. अशा वेळी पोरं धावून जातातच. पण बचाव पथकात स्वयंसेवक व्हायचं म्हटलं, की काही समजुती आड येतात. त्यांतल्या काही माणसाला घरी बसवतात, तर काही थेट जिवावर बेततात.

गैरसमज १ : बचाव करणं सरकारी पथकाचं काम. आपण फोन केला, की संपलं.

वस्तुस्थिती : फोन आधी करायचाच. पोलिसांसह सर्व मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. पण हिशोब बघा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. तिथून दिंद्रुड गाठायला कित्येक तास लागतात, आणि श्वास बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्यांना पहिले हात लागले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. मोठं पथक लागतंच, पण पहिला तास गावालाच निभवावा लागतो.

गैरसमज २ : पट्टीचा पोहणारा असेल त्यानेच यात पडावं.

वस्तुस्थिती : बुडणाऱ्याला वाचवण्याचा जगभर शिकवला जाणारा क्रम असा : आधी काठावरूनच काठी, बांबू किंवा धोतर पुढे करा. हात पुरत नसेल तर दोर, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. तेही जमलं नाही तर होडी किंवा तराफा न्या. पाण्यात उतरणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही शिकलेल्यानेच. भेदरलेला माणूस जवळ येणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या हातात दोर आणि ट्यूब असेल, तर तोही जीव वाचवू शकतो. पथकाला गर्दी मागे हटवणारा, रुग्णवाहिकेला वाट दाखवणारा, फोन सांभाळणारा आणि नोंद ठेवणारा माणूसही लागतो.

गैरसमज ३ : यात धाडस महत्त्वाचं, बाकी सगळं जमून जातं.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात एक डॉक्टर बुडाले. त्यांचा शोध घ्यायला कोल्हापूरहून आपत्ती प्रतिसाद पथक आलं. पाण्याखाली शोध घेताना त्या पथकाचा एक जवान मासेमारीच्या जाळ्यात अडकला आणि दगावला. तो प्रशिक्षित होता, साधनांसह उतरला होता. जे त्याच्यावर आलं, ते नुसत्या हिमतीवर उडी टाकणाऱ्यावर किती सहज येईल, याचा विचार करावा.

विहिरीचंही तसंच. खोल, बंदिस्त विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. आत इंजिन चालवलं असेल तर विषारी धूर साठतो. एक जण खाली कोसळला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एकाच घरातली माणसं पाठोपाठ जातात. पेटता कंदील सोडून बघण्याची जुनी रीत पुरेशी नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड असला तरी ज्योत जळत राहू शकते. हवा तपासल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधून वर माणसं उभी केल्याशिवाय कुणीही उतरू नये.

पुराच्या पाण्यात घोटाभर, म्हणजे १५ सेंटिमीटर वेगवान धारही मोठ्या माणसाचे पाय उखडते. ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी जात असताना ट्रॅक्टर घालणाऱ्याला अडवणं, हाही बचावच.

गैरसमज ४ : बुडालेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढावं, नाहीतर मिठात ठेवावं.

वस्तुस्थिती : यात हातची मिनिटं जातात. पोट दाबल्याने आतलं पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात शिरू शकतं. मिठाने बंद पडलेला श्वास सुरू होत नाही. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवून सीपीआर सुरू करायचा. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायचे. दर ३० दाबांनंतर २ श्वास. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

गैरसमज ५ : अपघातातल्या माणसाला हात लावला, की पोलिसांचं लचांड मागे लागतं.

वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्‌भावनेने मदत केली आणि जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. उलट २०२५ पासून ‘राहवीर’ योजनेत, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला २५,००० रुपयांचं बक्षीस आहे. मात्र मानेला किंवा पाठीला मार असेल तर चौघांनी हात-पाय धरून उचलू नये. मान स्थिर ठेवून फळीवर घ्यावं.

गैरसमज ६ : पथकात यायला शिक्षण लागतं, ओळख लागते, आणि बायकांचं तर हे काम नाही.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली. पुढे ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक घडवण्यासाठी ती वाढवली. त्यातली अट साधी होती : वय १८ ते ४०, शिक्षण किमान सातवी, शरीर धडधाकट. प्रशिक्षण १२ दिवसांचं, सोबत साहित्याचा संच आणि विमा. महिलाही त्यात आहेत, त्यांना ‘आपदा सखी’ म्हणतात. आता ‘युवा आपदा मित्र’मध्ये एनसीसी, एनएसएस आणि स्काउट-गाइडच्या मुलामुलींना हेच शिकवलं जातं. पगार मात्र नाही. पोटापाण्याचा धंदा सांभाळूनच हे करायचं असतं.

गैरसमज ७ : टी-शर्ट छापले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, की पथक तयार.

वस्तुस्थिती : अमेरिकेत रोआनोक इथे ज्युलियन वाइज यांनी १९२८ मध्ये स्वयंसेवकांचं बचाव पथक उभं केलं. लहानपणी त्यांनी नदीत दोन माणसं बुडताना पाहिली होती. काठावर बघे होते, पण काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना आधी शिकवलं, मग पथक म्हणवलं. आपल्याकडे लोणावळ्याचं ‘शिवदुर्ग मित्र’ किंवा ‘महाबळेश्वर ट्रेकर्स’ दरीत उतरतात, तेही पोलीस आणि महसूल यंत्रणेच्या समन्वयाने. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याचं प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालतं. घटनास्थळी अधिकाऱ्याने ‘थांबा’ म्हटलं, की थांबायचं. आणि मृताचा किंवा जखमीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

सुरुवात कुठून करावी? दिंद्रुड पोलीस ठाणे, माजलगावचं तहसील कार्यालय आणि बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, या तीन ठिकाणी नाव, रक्तगट आणि मोबाइल नंबर देऊन पुढच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. ते होईपर्यंत गावातली एक यादी करा : जेसीबी कुणाकडे, लांब सोल कुणाकडे, ट्यूब कुठे मिळेल, रात्री गाडी काढणारा कोण, कोणती विहीर बिनकठड्याची. यादी ग्रामपंचायतीत लावा आणि दर पावसाळ्याआधी तपासा. या कामाला कुणाची परवानगी लागत नाही, आणि पथकात नाव लागलं नाही तरी ते वाया जात नाही.