शस्त्रपरवाना : टप्प्याटप्प्याने की एका घावात?

कायदा बदलावयाचा म्हटले की लोकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आज मिळते ते पदरात पाडून घ्या, उरलेले पुढच्या खेपेस. दुसरा म्हणतो, अर्ध्या भाकरीने भूक मंदावते आणि पुरी भाकरी कधीच मिळत नाही. कामगार चळवळीत हा वाद प्रत्येक कराराच्या वेळी होतो. पिस्तूल बाळगून फिरण्याच्या कायद्याला तो कसा लागू पडतो, ते येथे पाहावयाचे आहे.

कामगारांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. शंकर गुहा नियोगींना 1991 साली भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. डॉ. दत्ता सामंतांना 16 जानेवारी 1997 रोजी पवईत घराजवळ मोटारीत गाठले. गोविंदराव पानसरे 2015 साली कोल्हापुरात सकाळी फिरून परतताना गोळ्यांना बळी पडले. मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला तरुण कार्यकर्ता विचारतो, "आपणही एक बाळगावे काय?" त्याला आमचे उत्तर असे की, झोपलेल्या किंवा बेसावध माणसाला खिशातले पिस्तूल वाचवीत नाही. मात्र मारेकऱ्याच्या हाती ते सहजी पडू नये, ही मागणी करण्याचा त्याला पुरा हक्क आहे.

आता कायदा पाहू. 1878 चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या अमदानीतला. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, असा त्याचा व्यवहार होता. म्हणून स्वसंरक्षणार्थ परवाने मिळावेत ही मागणी गांधीजींनी 1930 च्या आपल्या अकरा मागण्यांत घातली, आणि 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावात लिहिला. पण स्वतंत्र भारताच्या घटनेत तो मूलभूत हक्क झाला नाही. कलम 19 ने आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो शांततेने आणि विनाशस्त्र.

1959 चा कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. शस्त्र घेणे, जवळ ठेवणे आणि घेऊन फिरणे, या तिन्हींना त्याने परवाना लावला. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून कोणाचा अर्ज फेटाळता येणार नाही, असेही त्यात लिहिले आहे. 2016 च्या नियमांनी सार्वजनिक जागी पिस्तूल उघडे मिरविण्यास बंदी केली. म्हणजे आपल्याकडे बाळगणे ते झाकूनच. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात एकच होते. विरोध झाला, दोनवर तडजोड झाली. याच दुरुस्तीने लग्नावरातीत आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळ्या झाडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले.

ही टप्प्यांची वाट झाली. पण टप्पा लहान म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 1987 साली अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचा कायदा केला. तेव्हा तो नेमस्त वाटला. 2023 साली त्याच राज्यात झाकून पिस्तूल बाळगण्यास परवान्याचीच गरज उरली नाही. उलट ब्रिटनने, डनब्लेनच्या शाळेत 1996 साली सोळा मुले व त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर, 1997 मध्ये खाजगी पिस्तुले जवळजवळ एका घावात बंद केली. लोकमत तयार होते, म्हणून तो घाव लागू पडला.

तेव्हा लहान की मोठा, हा खरा प्रश्न नव्हे. प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारावेत. त्याची दिशा कोणती? पुढचे पाऊल न पडले तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहील काय? आणि त्याने पुढची वाट मोकळी होते की बंद? हंगामी वाढ घेताना मूळ मागणी सोडली असे कागदावर लिहून देणारा पुढारी चुकतो. मागणी राखून वाढ घेणारा चुकत नाही.

एका घावाविषयी आम्ही सावध आहोत त्याचे आणखी एक कारण आहे. 1951 च्या पोलीस कायद्याचे कलम 37 आमच्या कार्यकर्त्यांना पाठ असते. शस्त्रे व लाठ्या बाळगण्यास मनाई करणारे हे कलम सभा व मिरवणुकीलाही मनाई करू देते. शस्त्र थांबविण्यासाठी दिलेली मोघम सत्ता उद्या निशाण घेतलेल्या हातावर येते. म्हणून सत्ता द्यावी ती मोजून, कारणे लेखी मागून.

2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार होऊन माणसे जखमी झाली. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. पण भरलेले पिस्तूल पोलीस अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत पोचते, एवढे सर्वांनी पाहिले. यावरून आजच मागता येतील अशी तीन पावले सुचतात. घरात शस्त्र ठेवण्याची गरज आणि ते अंगावर घेऊन फिरण्याची गरज वेगवेगळी तपासावी. पोलीस ठाणे, सभागृह, इस्पितळ यांच्या दारात शस्त्र जमा करून घ्यावे. आणि ठाणे पोलीस आयुक्तांच्या हद्दीत, म्हणजे कल्याण-डोंबिवलीसह, दरवर्षी किती परवाने कोणत्या प्रकारच्या कारणासाठी दिले, किती नाकारले, किती रद्द केले, हे आकडे नावे वगळून जाहीर व्हावेत.

बिनपरवाना गावठी कट्टा याने थांबणार नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याला तपास आणि शिक्षा हेच औषध. पण परवान्याचे पिस्तूल प्रतिष्ठेचे भूषण झाले, की बिनपरवान्याचीही हौस वाढते. आकडे जाहीर होणे हे यांतले सर्वांत लहान पाऊल. आम्ही ते पहिले मागू, कारण पुढच्या दोन्ही पावलांचा हिशेब त्याच्याच वहीत मांडावा लागणार आहे.