एकच रोप, तीन उंचींवर

डोंगरमाथ्यावरचं रोप बुटकं का? थंडीवाऱ्यामुळे, की मुळातच तसं? कॅलिफोर्नियात क्लाऊसेन, केक आणि हायसी या तिघा संशोधकांनी हे लावून पाहिलं. स्टॅनफर्ड (सुमारे ३० मीटर उंची), मॅथर (१,४०० मीटर) आणि टिंबरलाइन (३,०५० मीटर) अशा तीन बागा. युक्ती साधी, पण नामी : गुलाबाच्या कुळातल्या पोटेन्टिलाची निरनिराळ्या उंचींवरची रोपं आणायची आणि एकेक रोप फोडून त्याचे तुकडे तिन्हीकडे लावायचे. म्हणजे आनुवंशिक गुण तेच, बदललं फक्त हवामान.

किनाऱ्यालगतची रोपं टिंबरलाइनला तगली नाहीत. उंचावरची रोपं खाली स्टॅनफर्डला आणली, तरी तिथल्या सौम्य हिवाळ्यातही झोपी गेली. शेजारची किनारी रोपं मात्र हिरवीगार! (सवय रक्तातच असते, ती अशी.) जागेनुसार उंची थोडीफार बदलली, पण एका उंचीवरचं रोप दुसऱ्या उंचीवरच्या रोपासारखं झालं नाही. अशा स्थानिक वाणांना ‘इकोटाइप’ हे नाव स्वीडनच्या ट्युरेसन यांनी १९२२ मध्येच दिलं होतं. क्लाऊसेन, केक आणि हायसी यांचा या प्रयोगांवरचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.