कपाळ, क्रूस, कवटी

आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१४ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं ‘अभ्यासिकेतला संत जेरोम’ हे चित्र जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आहे. पुढ्यात पहुडलेला सिंह संताची ओळख पटवतो. जेरोमने त्याच्या पंजातला काटा काढला, अशी आख्यायिका. शेजारी कुत्रा गाढ झोपलेला. मागच्या भिंतीवर कार्डिनलची हॅट आणि सरत्या काळाचं वाळूचं घड्याळ. खिडकीत मात्र कवटी, आणि खरी करामत तिथेच आहे. जेरोमच्या कपाळापासून टेबलावरच्या छोट्या क्रुसावरून रेघ ओढली, तर ती थेट कवटीला भिडते. मृत्यूचा विचार करायचा तो क्रुसावर नजर ठेवूनच, हे ड्यूररने निव्वळ मांडणीतून सांगितलं. प्रभावळीचं तेजही डोक्याभोवतीचा कागद जवळजवळ कोरा सोडूनच उजळवलंय.