घराचा स्लॅब किती वजन पेलतो? लाइव्ह लोडचं साधं गणित

आजच्या एपिसोडचा विषय थेट तुमच्या पायाखाली आहे, तो म्हणजे स्लॅब.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर उभा करताना आमचा पहिला प्रश्न असतो, एका वेळी किती युजर येणार? बिल्डिंग डिझाइन करणारा इंजिनिअरही हेच विचारतो : या मजल्यावर किती माणसं, किती सामान येणार? त्याचं उत्तर म्हणजे लाइव्ह लोड.

डेड आणि लाइव्ह

स्लॅब, बीम, भिंती, टाइल्स यांचं वजन म्हणजे डेड लोड. नुसत्या पाच इंची स्लॅबचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. ते कायम तिथेच असतं. माणसं, कपाट, फ्रीज, तांदळाचं पोतं हा लाइव्ह लोड. तो येतो, जातो, सरकतो. म्हणून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज कोणी मनाने बांधत नाही. भारतात त्यासाठी आयएस ८७५ हे मानक आहे. १९८७ च्या त्याच्या दुसऱ्या भागात घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरलेत, म्हणजे साधारण २०० किलो. जिना, पॅसेज आणि बाल्कनीला ३. का? गणपतीची मिरवणूक आली की सगळं घर बाल्कनीत जमतं, आणि आग लागली तर सगळी बिल्डिंग जिन्यात!

हॉलचं तर अजून भारी आहे. खुर्च्या जमिनीला फिक्स असतील तर ४, सुट्या असतील तर ५. कारण सुट्या खुर्च्या बाजूला सारता येतात आणि गर्दी दाटते. लायब्ररीत पुस्तकांच्या रॅकची खोली असेल तर आकडा ६ पासून सुरू होतो.

म्हणजे हा आकडा खोलीच्या आकारावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो. आजच्या एपिसोडमधलं हे एक वाक्य लक्षात ठेवा.

२०० किलो म्हणजे किती?

१०० चौरस फुटांच्या खोलीला हिशेबाने साधारण १८५० किलो होतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण हे वजन खोलीभर पसरलेलं धरलंय. पाण्याचं बघा. एक लिटर म्हणजे एक किलो. २० सेंटिमीटर खोल पाणी साचलं की चौरस मीटरला २०० किलो झालेच. मीटरभर उंचीची टाकी भरली तर तिच्याखाली १००० किलो, म्हणजे पाचपट!

गच्चीचंही तसंच. जिथे माणसं जाऊ शकतात त्या सपाट गच्चीला मानकात १.५ किलोन्यूटन धरतात, साधारण १५० किलो. त्यावर बागेसाठी फूटभर माती टाकली आणि ती पावसात भिजली, की चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते. आणि ती संध्याकाळी उठून घरी जात नाही.

बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. त्यामुळे वजन जितकं बाहेरच्या कडेला, तितका मुळाशी ताण जास्त. कुंड्या मात्र आपण नेमक्या ग्रिललाच लावतो.

सगळे एकदम येत नाहीत

सगळे युजर एकाच सेकंदाला लॉगिन करत नाहीत, तसेच सगळे मजले एकाच वेळी गच्च भरत नाहीत. म्हणून खालच्या कॉलमचा हिशेब करताना लाइव्ह लोडमध्ये सूट मिळते. वर दोन मजले असतील तर १० टक्के, पाच ते दहा असतील तर ४० टक्के. पण ही सूट राहत्या घरांसारख्या वापरासाठी आहे. तिथे गोदाम केलं, की प्रत्येक मजला रोजच भरलेला, आणि सुटीमागचं गृहीतकच खोटं ठरतं.

वापर बदलला की काय होऊ शकतं, त्याचं भयंकर उदाहरण म्हणजे बांगलादेशात ढाक्याजवळची राणा प्लाझा. दुकानं आणि ऑफिसांसाठीच्या इमारतीत कपड्यांचे कारखाने चालत होते. वरचे मजले विनापरवाना चढवलेले, त्यावर यंत्रं आणि जड जनरेटर. आदल्या दिवशी भेगा दिसल्या, तरी कामगारांना आत बोलावलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. बांधकामही कच्चं होतं, कारण एकच नव्हतं. पण डिझाइनमध्ये न धरलेलं वजन हे त्यातलं मोठं कारण होतं.

मग आपण काय करायचं?

कोणी म्हणेल, इंजिनिअर दीडपट धरतातच की! धरतात. पण ती उशी अंदाज चुकला तर म्हणून आहे, आपण वापरून टाकायला नाही.

जड कपाट खोलीच्या मधोमध न ठेवता बीम किंवा भिंतीलगत ठेवा. मोठा फिश टँक, गच्चीवर जादा टाकी, बाग किंवा फ्लॅटमध्ये जिम करायचं असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जुन्या इमारतीत गंजलेल्या सळ्यांमुळे मूळ ताकदही उरलेली नसते. म्हणून महाराष्ट्रात सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतींना दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांना दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. पुढच्या मीटिंगला एवढंच विचारा, आपलं शेवटचं ऑडिट कधी झालं?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत गच्चीवर एक चक्कर मारून या, आणि तिथे काय काय साठलंय ते बघा.