दूध तुटल्यानंतर वराहाच्या पिलांचा आहार

वराहपालनाचा जोडधंदा करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मादीला पिले किती झाली यापेक्षा त्यांतील किती वाढीस लागली, याला अधिक महत्त्व आहे. जन्मानंतरचे पहिले काही दिवस आणि आईचे दूध तुटल्यानंतरचा पंधरवडा, हे दोन काळ पिलांना विशेष धोक्याचे असतात.

आपल्याकडे सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी पिले आईपासून वेगळी करतात. तोवर त्यांचे पोट दुधाला सरावलेले असते. एकाएकी धान्य मिळाले, की ते पुरते पचत नाही. न पचलेल्या अन्नावर आतड्यात रोगजंतू वाढतात आणि पिलांना हगवण लागते. म्हणून दूध तोडण्याची तयारी दुसऱ्या आठवड्यापासूनच करावी. मादीला पोहोचता येणार नाही, अशा आडोशाला रोज थोडा ताजा खुराक ठेवावा.

दुधात लोह फारच कमी असते. पिलाची गरज दररोज ७ ते १० मिलिग्रॅम, तर दुधातून मिळते सुमारे १ मिलिग्रॅम. यास्तव तिसऱ्या-चौथ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे.

खुराक कसा असावा?

१०० किलो मिश्रणासाठी मक्याचा भरडा ६० किलो, भुईमुगाची पेंड २० किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, बिनमिठाच्या सुक्या मासळीची पूड ८ किलो, क्षारमिश्रण दीड किलो व मीठ अर्धा किलो घ्यावे. यातून सुमारे २० टक्के प्रथिने मिळतात. बुरशी आलेली पेंड कटाक्षाने टाळावी.

वेगळे करताना मादीला हलवावे. पिले ओळखीच्या जागीच राहू द्यावीत. पहिला आठवडा खुराक तोच ठेवून दिवसातून चार वेळा थोडा थोडा द्यावा. १० किलो वजनाच्या पिलास दिवसाला सुमारे अर्धा किलो खुराक लागतो. स्वच्छ पाणी सदैव हवे. पाण्याअभावी खुराकातील मीठही बाधते.

खाणावळीतील उष्टे अन्न या वयात देऊच नये. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग संसर्गित डुकराच्या न शिजलेल्या मांसाच्या अवशेषांतूनही पसरतो. माणसांना तो होत नाही. परंतु कळपच्या कळप त्याला बळी पडतात. मोठ्या जनावरांना असे अन्न द्यावयाचे झाल्यास सतत ढवळीत तासभर उकळावे. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी एवढी एक गोष्ट घरोघर पटवून दिली, तरी गावातील अनेक कुटुंबांचे भांडवल वाचेल.