बॉनेटखालील एका अनोळखी टाकीची ओळख

इ. स. १९१५ ते १९३० या कालखंडात अमेरिकेत व ब्रिटनमध्ये तयार झालेल्या अनेक मोटारींचे बॉनेट उघडले असता एंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पडदीवर वीत-सव्वा वीत उंचीचे एक दंडगोल पात्र बसविलेले आढळते. त्याच्या झाकणातून दोन-तीन बारीक नळ्या निघतात, तळाशी आणखी एक नळी असते, आणि बाहेरून पाहता त्यात काही हलणारा भाग असेल अशी शंकाही येत नाही. जुन्या वाहनाची पुनर्बांधणी करणारा हे पात्र कधी वंगणतेलाची गाळणी समजतो, कधी रेडिएटरच्या पाण्याची जादा टाकी समजतो, तर कधी निरुपयोगी जोड म्हणून काढून टाकतो. वस्तुतः ते इंधनपुरवठ्याचे मुख्य उपकरण असते. अमेरिकेत शिकागो येथील स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीने त्याचा प्रसार केला. तेथे त्यास ‘व्हॅक्यूम टँक’ म्हणत. ब्रिटनमध्ये ते ‘ऑटोव्हॅक’ या व्यापारी नावाने प्रसिद्ध होते, आणि बेंटलेच्या ४½ लिटर मोटारीसारख्या नामांकित वाहनांवर ते बसविलेले असे.

असे उपकरण का आवश्यक झाले, हे प्रथम पाहिले पाहिजे. पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असेल तर पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली उतरते. फोर्डच्या टी-मॉडेलमध्ये टाकी पुढील आसनाखाली होती. त्यामुळे तीव्र चढावर टाकीची पातळी कार्ब्युरेटरच्या खाली जाई व चालकास गाडी उलटी फिरवून मागल्या मागे चढ चढावा लागे. टाकी सुरक्षिततेसाठी व सोयीसाठी गाडीच्या मागील टोकास नेली, तर पेट्रोल वर चढविण्यास बाह्य बल हवे. काही मोटारींत हातपंपाने अथवा एंजिनाच्या साहाय्याने टाकीत हवेचा दाब निर्माण करीत. परंतु त्यासाठी संपूर्ण टाकी हवाबंद राखावी लागे आणि एखादा सांधा गळू लागला की पेट्रोल दाबाने बाहेर पडे. व्हॅक्यूम टँकने ही अडचण निराळ्या मार्गाने सोडविली. एंजिन चालू असता त्याच्या चूषणनलिकेत जी अंशतः निर्वात स्थिती आपोआप उत्पन्न होते, तिचाच उपयोग पेट्रोल ओढून घेण्याकडे करण्यात आला.

या पात्रात एकाखाली एक असे दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात एक पोकळ तरंगक असून तो तरफेच्या व स्प्रिंगांच्या योगे दोन झडपा चालवितो. एक झडप चूषणनलिकेकडे जाते, दुसरी बाहेरील हवेकडे. तरंगक खाली असता पहिली झडप उघडी व दुसरी बंद असते. कप्प्यातील हवा ओढली जाते आणि मागील टाकीवरील वातावरणाचा दाब पेट्रोलला नळीतून वर ढकलतो. कप्पा भरत आला की तरंगक वर उचलला जातो, स्प्रिंगा झटक्याने उलटतात, चूषणाची झडप मिटते व हवेची उघडते. आता वरच्या कप्प्यातील दाब बाहेरइतकाच झाल्यामुळे तळाची एकदिशा झडप उघडून पेट्रोल खालच्या कप्प्यात उतरते. खालचा कप्पा हवेस नेहमी खुला असतो. त्यामुळे तेथून कार्ब्युरेटरकडे जाणारा प्रवाह केवळ गुरुत्वाने व अखंड चालू राहतो. वरचा कप्पा थांबून थांबून भरतो, खालचा मात्र सतत देत राहतो, हे या रचनेचे मर्म होय.

या रचनेची शक्ती व मर्यादा दोन्ही साध्या गणिताने स्पष्ट होतात. पाऱ्याचे विशिष्ट गुरुत्व १३·६ व पेट्रोलचे सुमारे ०·७४ धरल्यास, पाऱ्याच्या १ सेंटिमीटर स्तंभाइतके चूषण पेट्रोलला सुमारे १८ सेंटिमीटर उंच चढविते. सपाट रस्त्यावर ९० सेंटिमीटर चढाव असेल, तर पाऱ्याचे ५ सेंटिमीटर चूषण पुरते. एंजिन मंदगतीने फिरत असता हे चूषण ४० सेंटिमीटरांच्याही वर जाते; म्हणजे शक्ती विपुल असते. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडली की तेच चूषण एक-दोन सेंटिमीटरांवर येऊ शकते. त्यातच दोन टाक्यांमध्ये ३ मीटर अंतर धरले, तर सहास एक अशा चढावर मागील टाकी आणखी अर्धा मीटर खाली जाते. तात्पर्य, गरज वाढते त्याच वेळी सामर्थ्य घटते. लांब चढावर खालच्या कप्प्यातील साठा संपण्यापूर्वी चालकाने क्षणभर थ्रॉटल मिटून घ्यावी, म्हणजे टाकी पुन्हा भरे. याच दोषामुळे १९३० च्या सुमारास पडद्याचा यांत्रिक पंप प्रचारात आला आणि व्हॅक्यूम टँक हळूहळू मागे पडला.

अनोळखी पात्र ओळखण्याची पद्धती या विवेचनातून सहज निघते. बाह्य आकार फसवा असतो. भागाचे स्वरूप त्याचे इतर भागांशी असलेले संबंध ठरवितात. तेलाच्या गाळणीच्या दोन्ही नळ्या एंजिनाच्या तेलमार्गास जोडलेल्या असतात. पाणपुसणीसाठी राखलेल्या निर्वात साठ्यास हवेच्या नळ्या असतात, पेट्रोलची नसते. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘साउथ विंड’ हा पेट्रोल जाळून प्रवाशांना ऊब देणारा तापक अधिक घोटाळ्यात टाकतो. कारण तोही स्टुअर्ट-वॉर्नरचाच आणि त्यासही एक पेट्रोलची व एक चूषणनलिकेची जोडणी असते. परंतु तो कार्ब्युरेटरकडून पेट्रोल घेतो, तर व्हॅक्यूम टँक कार्ब्युरेटरला पेट्रोल देतो. प्रवाहाची दिशा पाहिली की संशय फिटतो. मागील टाकीकडून येणारी, चूषणनलिकेकडे जाणारी व तळातून कार्ब्युरेटरकडे उतरणारी अशा तीन नळ्या, हवेचे खुले छिद्र आणि कार्ब्युरेटरहून उंच असे स्थान, ही लक्षणे एकत्र आढळल्यास निर्णय निश्चित समजावा. नळ्या नाहीशा झाल्या असतील तर झाकण उघडून तरंगक व जोड-झडपा पाहाव्यात.

ही ओळख केवळ नावापुरती नाही. कार्ब्युरेटर टाकीपेक्षा ३० सेंटिमीटर खाली असेल, तर त्याच्या सुईझडपेवर पेट्रोलचा दाब चौरस सेंटिमीटरास सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे वातावरणाच्या पन्नासाव्या भागाइतकाच पडतो. टाकी निरुपयोगी ठरवून तिच्या जागी आधुनिक विद्युत् पंप बसविला, तर तोच दाब दहापट अथवा त्याहून अधिक होऊ शकतो. सुईझडप तो पेलू शकत नाही आणि पेट्रोल तापलेल्या एंजिनावर सांडते. उलटपक्षी टाकी राखूनही तिचे अंतरंग न तपासल्यास धोका असतोच. तरंगकास छिद्र पडून तो बुडाला, तर चूषणाची झडप उघडीच राहते व पेट्रोल सरळ एंजिनात ओढले जाते. जस्ताच्या अशुद्ध मिश्रधातूचे जुने झाकण तडकले असेल, तर हवा आत शिरून टाकी भरतच नाही.

कित्येक पुनर्बांधित मोटारींत टाकी केवळ शोभेस ठेवून पंप दृष्टीआड बसविलेला असतो. असा बदल करण्यास हरकत नाही. मात्र दाब-नियंत्रक बसवावा आणि बदलाची लेखी नोंद वाहनाबरोबर ठेवावी. अन्यथा पुढील अभ्यासक त्या नळ्या पाहून चुकीचा निष्कर्ष काढील, आणि पुढील चालकास त्या चुकीची किंमत मोजावी लागेल.