सुपरचार्जर बसविण्यापूर्वी...

बुलढाणा जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजामार्गे जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडीची शक्ती वाढविण्याचा मोह अनेकांना होतो. सुपरचार्जर हा क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरतो. दाबलेली हवा तापते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर अधिकच. परिणामी पेट्रोल अवेळी पेटून पिस्टन निकामी होऊ शकतो. म्हणूनच इंटरकूलर बसविणे आणि इंधनपुरवठ्याची फेरजुळणी करणे अनिवार्य ठरते. पट्ट्याचा ताण, एअर फिल्टर व ऑइल यांची तपासणीही नियमित हवी. मात्र, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे गॅरेजआधी परिवहन कार्यालयात चौकशी करणेच शहाणपणाचे.